पाठीमागे बोलायचंच नाही, तर माणसं कळायची कशी?

टिपकागद

(संपादित: तिसऱ्या आठवड्याच्या परिच्छेदातला तपशील काढला आहे. कारण खाली प्रतिसादांत सापडेल.)

मध्यंतरी मी एक व्रत घेतलं होतं. चाळीस दिवस, समोर नसलेल्या माणसाबद्दल काहीही बोलायचं नाही. वाईट तर नाहीच, चांगलंही नाही. निमित्त घरगुती होतं. बहिणीबद्दल मी सहज काहीतरी बोललो, ते फिरत फिरत, तिखटमीठ लागून तिच्या कानावर गेलं आणि दोन महिने अबोला झाला. म्हटलं, सगळ्या भानगडींचं मूळ जीभ असेल तर तिलाच उपास घडवू.

पहिला आठवडा मजेत गेला. आपण इतरांपेक्षा एक पायरी वर आहोत असं वाटायला लागतं, तसं वाटलं. कुणी काही सांगायला लागलं की मी हात वर करून "आपलं व्रत आहे बुवा" म्हणायचो. लोक हसायचे, विषय बदलायचे. दुसऱ्या आठवड्यात लक्षात आलं की बदलायला विषयच नाहीत. आईशी फोनवर एरवी पाऊण तास बोलणं व्हायचं. आता तब्येत, हवा, काम, झालं. सहा मिनिटं. चौथ्या फोनला तिने विचारलं, "तू रागावलायस का माझ्यावर?" मावसबहिणीचं काय चाललंय हे न विचारणारा मुलगा तिला परका वाटायला लागला होता. आमच्या गोतावळ्यातल्या पंधरा-वीस माणसांची खबर मला फक्त आईकडून मिळते. त्या पाऊण तासाला 'गॉसिप' म्हणतात हे माझ्या ध्यानीमनीही नव्हतं.

तिसऱ्या आठवड्यात ऑफिसात एक प्रसंग घडला. एवढंच ठेवतो: एका सहकाऱ्याला मी सगळ्यांसमोर, हसत हसत, असा एक प्रश्न विचारला जो त्या आठवड्यात त्याला कुणीच विचारायला नको होता. टेबलाभोवती आम्ही दहा जण होतो. मी सोडून सगळ्यांना ठाऊक होतं. नंतर एकाला बाजूला घेऊन म्हटलं, अरे, मला आधी सांगायचं नाही का? तो म्हणाला, "तुझं व्रत ना."

तेविसाव्या दिवशी मी व्रत मोडलं आणि मग थोडं वाचत बसलो. रॉबिन डनबार या ब्रिटिश अभ्यासकाने १९९६ मध्ये असं मांडलं, की माकडं तासन्‌तास एकमेकांची लव विंचरत, किडे वेचत बसतात. त्यातून नाती टिकतात. माणसांचे गट मोठे झाले तेव्हा प्रत्येकाला हाताने विंचरायला दिवस पुरेना, म्हणून एका वेळी तिघाचौघांना पुरेल असं काहीतरी लागलं. ते म्हणजे गप्पा. हा सिद्धांत आहे, सिद्ध झालेली गोष्ट नव्हे, पण आईच्या पाऊण तासाला तो चपखल बसतो. दुसरं, २०१९ मध्ये कॅलिफोर्नियातल्या दोन संशोधकांचा एक अभ्यास आला. ४६७ जणांच्या अंगावर छोटा ध्वनिमुद्रक लावून ते दिवसभर काय बोलतात याचे तुकडे ऐकले. हजर नसलेल्या माणसाबद्दलचं बोलणं म्हणजे गॉसिप, अशी व्याख्या धरली तर दिवसाला सरासरी ५२ मिनिटं निघाली. आणि त्यातलं सुमारे तीन चतुर्थांश ना निंदा होती ना स्तुती, नुसती खबरबात.

तर माझं मत असं झालंय: पाठीमागे न बोलणारा माणूस सज्जन असतोच असं नाही, पुष्कळदा तो बेखबर असतो. आणि बेखबर माणूस दुसऱ्याच्या जखमेवर पाय देतो. तुम्हाला काय वाटतं?

सरळरेघ

असहमत. चूक व्रताची नाही, व्रताचा गाजावाजा केलात त्याची आहे. गुपचूप पाळलं असतंत तर तुम्हालाही कुणीतरी सांगितलंच असतं. व्रत बोलण्याचं होतं, ऐकण्याचं नव्हे.

दुसरं. ज्या सहकाऱ्याला भर टेबलावर हसत हसत खासगी प्रश्न विचारण्याइतकी तुमची सलगी होती, त्याला त्याआधी एकट्याला गाठून "कसा आहेस?" असं कधी विचारलं होतंत? माणसाची खबर माणसाकडून घ्यावी. तिसऱ्याकडून घ्यायची सवय लागली की पहिल्याशी बोलायची गरजच वाटेनाशी होते. तुम्ही म्हणता गप्पांमुळे नाती टिकतात. माझं म्हणणं, पुष्कळ नाती निव्वळ गप्पांमुळे टिकल्यासारखी दिसतात.

त्या ५२ मिनिटांबद्दल: व्याख्या एवढी सैल केली की काहीही निरागस ठरतं. 'काकांचं ऑपरेशन झालं' हे आणि 'काकांनी भावाला कसं फसवलं' हे एकाच पिशवीत भरायचं आणि मग पिशवी किती हलकी आहे बघा म्हणायचं. त्याच अभ्यासात उरलेल्या चतुर्थांशात चांगल्यापेक्षा वाईट बोलणं बरंच जास्त भरलं, ते लिहायचं राहिलं तुमचं.

आणि खबर नीट पोचते तरी का? ऑलपोर्ट आणि पोस्टमन या मानसशास्त्रज्ञांचे १९४७ साली छापलेले प्रयोग बघा. एकाला चित्र दाखवायचं, त्याने ते न पाहिलेल्या दुसऱ्याला वर्णन करून सांगायचं, दुसऱ्याने तिसऱ्याला. पाच-सहा तोंडांतून जाईस्तोवर सुमारे ७० टक्के तपशील गळून गेलेला असे. पण मला हादरवणारी गोष्ट वेगळीच आहे. एका चित्रात रेल्वेच्या डब्यात एक गोरा आणि एक काळा माणूस उभे आहेत आणि वस्तरा गोऱ्याच्या हातात आहे. निम्म्याहून अधिक वेळा सांगता सांगता कुठेतरी तो वस्तरा काळ्या माणसाच्या हातात गेला. कुणी मुद्दाम खोटं बोललं नव्हतं. ऐकणाऱ्याच्या मनात जे आधीपासून असतं, त्या दिशेने गोष्ट घरंगळते.

मी स्वतःपुरता एक नियम पाळतो. ज्याच्याबद्दल बोलतोय तो आत्ता दारातून आत आला, तर हे वाक्य पूर्ण करता येईल का? येत नसेल तर सुरूच करत नाही.

कुंपण

सरळरेघ, तुमच्याकडे पार्टीला कोण येतं हो? 😀

अर्धविराम

'दारातून आत आला तर वाक्य पूर्ण करता येईल का' हा नियम ऐकायला फार छान आहे. पण तो एकाच उंचीच्या माणसांसाठी आहे.

माझी पहिली नोकरी, वय बावीस. दुसऱ्याच दिवशी वयाने मोठ्या असलेल्या एक सहकारी बाई, हात धुता धुता, माझ्याकडे न बघता आरशात बघून म्हणाल्या, "सहानंतर अमक्यांनी केबिनमध्ये बोलावलं तर मला एक फोन कर. मी फाइल घेऊन येते." संपलं. कारण त्यांनी सांगितलं नाही, मी विचारलं नाही. पुढच्या चार वर्षांत मी तेच वाक्य आणखी तिघींना सांगितलं, त्याच आरशासमोर. पुरावा नव्हता. तक्रार करायची तर ती ज्याच्याकडे जाणार होती, तोच तो होता. तो आत आला असता तर आमचं वाक्य अर्थातच तुटलं असतं. पण म्हणून ते बोलायलाच नको होतं?

लैंगिक छळाविरुद्ध तराना बर्क या अमेरिकन कार्यकर्तीने २००६ पासून वापरलेले 'मी टू' हे दोन शब्द २०१७ मध्ये जगभर पसरले, तेव्हा किती जणांनी विचारलं, इतकी वर्षं या गप्प का होत्या? गप्प नव्हत्या हो. एकमेकींना सांगत होत्या. फक्त त्या सांगण्याला 'बायकांच्या कुचाळक्या' असं नाव होतं.

हे नाव कोण देतं तेही बघा. सोळाव्या-सतराव्या शतकात स्कॉटलंड-इंग्लंडमध्ये 'तोंडाळ' ठरलेल्या बाईच्या डोक्यावर लोखंडी सांगाडा चढवून तिला लोकांसमोर फिरवत. त्याची एक पट्टी तोंडात जाऊन जीभ दाबून धरी. पुरुष जमून जे बोलत त्याला तेव्हाही सल्लामसलतच म्हणत असणार. आणि वर दिलेल्या ५२ मिनिटांच्या अभ्यासात निंदेच्या बाबतीत बायका पुरुषांच्या पुढे नव्हत्या, हेही टिपकागद लिहायला विसरले की काय?

टिपकागद

विसरलो नाही, जागा पुरेना. (खरं सांगायचं तर विसरलो.)

कुंपण

मघाशी थट्टा केली, आता मुद्द्यावर. अर्धविराम यांना +१.

अकराव्या शतकात भूमध्य समुद्राच्या आसपास व्यापार करणारे मगरिबी, म्हणजे उत्तर आफ्रिकेकडचे, ज्यू व्यापारी होते. माल एका बंदरातून पाठवायचा, दुसऱ्या बंदरातला प्रतिनिधी तो विकणार. त्याने पैसे दडपले तर करायचं काय? न्यायालय लांब, साक्षीदार त्याहून लांब. कैरोच्या जुन्या सिनेगॉगमध्ये (ज्यूंच्या प्रार्थनास्थळात) त्यांची पत्रं सापडली. त्यांवरून अव्नर ग्राइफ या अर्थशास्त्रज्ञाने १९८९ मध्ये दाखवलं की ही मंडळी पत्रांतून एकमेकांना सतत खबर देत असत, कोण चोख आहे, कोणी दगा दिला. दगा दिलेल्याला मग कुणीच काम देत नसे. म्हणजे पोलीस नाही, तुरुंग नाही, तरी व्यापार चालला. कशावर? लोक काय म्हणतील यावर.

मॅक्स ग्लकमन या मानववंशशास्त्रज्ञाने १९६३ मध्ये हेच जरा मोठ्या आवाजात म्हटलं. त्याच्या मते चहाडी-चुगलीने गट फुटत नाही, उलट बांधला जातो. आपल्यात काय चालतं आणि काय चालत नाही, हे कुणालाही तोंडावर न दुखावता रोज ठरत राहतं. शिवाय परक्याला तुमच्या गटाचं गॉसिप कळतच नाही. ज्याला ते कळायला लागलं तो तुमचा झाला. नव्या ऑफिसात पहिले तीन महिने आपण जे बावळटासारखे हसत असतो, ते यामुळेच.

उलटतपासणी

तीन प्रश्न आहेत.

कुंपण, त्या व्यापाऱ्यांच्या पत्रांखाली सही होती. 'अमक्याने माझा माल दडपला' असं लिहिणारा स्वतःचं नाव पणाला लावून लिहीत होता. खोटं निघालं असतं तर त्याचीच पत गेली असती. गॉसिपमध्ये सही कुठे असते? "मी ऐकलंय", "म्हणतात", "माझं नाव सांगू नकोस" ही त्याची सही. तुम्ही उदाहरण गॉसिपचं म्हणून दिलंत, पण ते साक्षीचं आहे.

ग्लकमनचं दिलंत तर १९६७ चं रॉबर्ट पेनचं उत्तरही द्या की. तो म्हणाला, गटबिट बोलत नाही, माणसं बोलतात, आणि ती आपापला डाव साधायला बोलतात. खबर हा माल आहे. कुणाला किती, कधी आणि कशी द्यायची, हे देणारा हिशेबाने ठरवतो. तुम्हाला गट बांधला गेलेला दिसतो. मला त्या गटात कुणाचं पारडं जड झालं ते दिसतं.

तिसरा प्रश्न धागाकर्त्यांना. तुमच्या त्या सहकाऱ्याने हा धागा वाचला तर? मजला, त्याचं खातं, समारंभ कसला होता, तो कोणत्या वारी होता आणि त्याच्या घरी काय घडलं, सगळं साग्रसंगीत लिहिलंय. इथे तुमच्या ऑफिसातलं कुणी नसेलच कशावरून? त्याला विचारून लिहिलंत का?

टिपकागद

नाही विचारलं. बरोबर आहे तुमचं. काढतो.

लिहिताना एकदाही मनात आलं नाही. व्रताच्या त्या दिवसांत आलं असतं, हे कबूल करावं लागेल.

मुंगीपावलं

इथे मी सहसा फक्त वाचते. आज लिहिते.

पाच वर्षांपूर्वी मी एक नोकरी सोडली. नवऱ्याचा एक आजार होता. मनाचा. त्याची इच्छा होती की कुणाला कळू नये, आणि ती रास्तच होती. राजीनाम्यात 'वैयक्तिक कारण' लिहिलं, निरोप घेतला, घरी आले. त्याच महिन्यात आमच्या विभागात हिशेबतपासणी सुरू झाली. नेहमीची, दरवर्षी होते ती. लोकांनी दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या.

दीड वर्षाने मुलाखती द्यायला लागले. पहिल्या ठिकाणी "तिथून का सोडलंत?" हे तीनदा विचारलं गेलं. दुसऱ्या ठिकाणी सगळं पक्कं होऊन अचानक कळवलं की जागा भरायची नाही. तिसऱ्या ठिकाणच्या एका भल्या माणसाने फोन करून सांगितलं: "वाईट वाटून घेऊ नका, पण तुमच्याबद्दल पैशांचा काही घोळ होता असं आमच्या कानावर आलंय." दीड वर्ष हे माझ्या नावाला चिकटून फिरत होतं आणि मला पत्ता नव्हता. नाकारायला आरोप तरी समोर हवा ना. इथे कुणी आरोप केलाच नव्हता. फक्त 'कानावर' आलं होतं.

आणि पुढची गंमत ऐका. ते खोटं आहे हे पटवायचं तर खरं कारण सांगावं लागणार होतं. म्हणजे माझ्यावरचा डाग पुसायला नवऱ्याचं गुपित द्यायचं. मी नाही दिलं. आता वेगळ्याच क्षेत्रात काम करते, बरं चाललंय.

अर्धविराम, तुमचा आरशासमोरचा प्रसंग वाचला. तुमच्या जागी मीही तेच केलं असतं. पण एक विचारायचंय. माझ्याबद्दल ज्या कुणी त्या कंपनीत फोन केला असेल, त्यालाही वाटलं असेल ना, की आपण सावध करतोय? त्याचाही हेतू चांगलाच असेल. मग आतून बघताना या दोन गोष्टी वेगळ्या कशा ओळखायच्या?

स्पष्टवक्ता

मुंगीपावलं, राग मानू नका, पण तुम्ही सुरुवातीलाच खरं कारण सांगितलं असतं तर हे झालंच नसतं. लपवलं की लोक बोलणारच. आग लागल्याशिवाय धूर निघत नाही म्हणतात ते उगाच नाही.

सरळरेघ

स्पष्टवक्ता, वर पूर्ण वाचलंत का? आग नव्हतीच, एवढंच तर त्या सांगतायत. आणि 'राग मानू नका, पण' ने सुरू होणारं प्रत्येक वाक्य राग येण्याजोगंच का असतं, हा वेगळ्या धाग्याचा विषय आहे.

अर्धविराम

मुंगीपावलं, काल रात्री तुमचा प्रतिसाद वाचला आणि उत्तर न लिहिता झोपले. (झोपले म्हणजे पडले.)

सोपं उत्तर असं होतं की मी अनुभवाचं सांगत होते आणि तो फोन करणारा ऐकीव सांगत होता. मग आठवलं, ते खरं नाही. ज्या तिघींना मी सांगितलं त्यातल्या पहिलीला सांगितलं तेव्हा मला स्वतःला काहीही अनुभव आलेला नव्हता. तो पुढे आला. पहिल्यांदा मी निव्वळ त्या बाईंचं वाक्य पुढे ढकललं होतं. ते खोटं असतं तर? एखाद्या निर्दोष माणसाबद्दल चार जणी चार वर्षं फाइली घेऊन धावत राहिल्या असत्या आणि त्यालाही तुमच्यासारखाच पत्ता लागला नसता.

फरक शोधायचाच तर एक सापडतो. आम्ही त्याचं काही काढून घेत नव्हतो. स्वतःभोवती कुंपण घालत होतो (कुंपण यांनी गैरसमज करून घेऊ नये). तुमच्या बाबतीत लोकांनी तुमची नोकरी काढून घेतली. पण हा फरक सगळीकडे पुरेल असं मला वाटत नाही. सहानंतर कुणी त्याच्याकडे एकटं गेलंच नाही, तर त्याच्याही कामावर परिणाम होतोच की.

सरळरेघ

अर्धविराम, तुमच्या त्या बाईंनी जे केलं त्याला मी गॉसिप म्हणतच नाही. धोका कुणाला, तर तुम्हाला. सांगितलं कुणाला, तर तुम्हालाच. गरजेपेक्षा एक शब्द जास्त नाही. ही सूचना झाली. तीच गोष्ट चौघींनी जमून मीठ लावून चघळली असती तर ते गॉसिप.

अर्धविराम

म्हणजे जे उपयोगी निघेल ती 'सूचना' आणि जे वाया जाईल ते 'गॉसिप'. अशाने तुम्ही कधीच हरणार नाही, सरळरेघ. आणि एक सांगू? आम्ही चघळलंही. दर शुक्रवारी. त्या माणसाची नक्कल करून पोट धरून हसायचो. ते हसणं नसतं तर त्या ऑफिसात मी चार महिने टिकले नसते. त्याला कुठल्या खात्यात टाकता?

कुंपण

त्याला संशोधनाचा आधार आहे. २०१२ मध्ये फाइनबर्ग, विलर आणि इतरांनी प्रयोग केले होते. एका खेळात कुणीतरी लबाडी करताना दिसलं की बघणाऱ्यांच्या हृदयाचे ठोके वाढत. पुढच्या खेळाडूला चिठ्ठी लिहून सावध करायची संधी मिळाली की तगमग कमी होई.

सरळरेघ

बोलून बरं वाटतं हे मला मान्यच आहे. खाज आल्यावर खाजवूनही बरं वाटतं.

जुनीपाटी

वादात पडत नाही, वय झालं. दोन अवांतर गोष्टी सांगतो.

पहिली शब्दांची. तुम्ही सगळे मघापासून एकच इंग्रजी शब्द घेऊन भांडताय म्हणून गुंता होतोय. त्या शब्दाचा मूळ अर्थ, गंमत म्हणजे, बाप्तिस्म्याच्या वेळचे मानलेले आईबाप, म्हणजे जवळचं माणूस. त्यावरून सलगीच्या गप्पा, आणि त्यावरून कुटाळकी असा तो घसरत आला. आपल्याकडे प्रत्येक पायरीला वेगळा शब्द आहे. चहाडी आणि कागाळी वरच्या माणसाकडे जातात, त्यात कुणाला तरी मार बसावा अशी इच्छा असते. कुचाळकी बरोबरीच्यांत चालते. कंडी पिकवतात, म्हणजे तिला मुळात बीच नसतं. वावडी उडवतात, वावडी म्हणजे मोठा पतंग, दोरी कुणाच्या तरी हातात असते. कान भरतात तेव्हा ऐकणारा एकच असतो. आणि कानगोष्ट ही यांतली सगळ्यांत गरीब, ती वाईटच असली पाहिजे असं नाही. अर्धविराम यांच्या आरशासमोर जे झालं ती कानगोष्ट. मुंगीपावलं यांच्याबद्दल कुणीतरी केली ती कागाळी, नाहीतर वावडी. तुम्ही दोघी एकाच गोष्टीबद्दल बोलतच नाही आहात.

दुसरी रामायणाची. सीतेचा त्याग एका धोब्याच्या बोलण्यावरून झाला, असं आपण लहानपणापासून ऐकतो. वाल्मीकि रामायणाच्या उत्तरकांडात धोबी नाही. तिथे राम आपल्या भोवतीच्या मंडळींना विचारतो, लोक माझ्याबद्दल काय बोलतात? आणि भद्र नावाचा एक जण आढेवेढे घेत सांगतो की रस्त्यांत, चौकांत लोक असं असं म्हणतात. म्हणजे बोलणारे 'लोक'. धोबी नंतरच्या कथांत आला. सगळं नगर जे बोललं ते एका माणसाच्या तोंडी गेलं, आणि तो माणूस कोण, तर कपडे धुणारा. सरळरेघ यांनी सांगितलेला वस्तरा आठवला मला.

उलटतपासणी

जुनीपाटी, दंडवत. शब्दांची विभागणी आवडली, तरी एक शंका. कानगोष्ट कानगोष्टच राहते हे कोण ठरवणार? सहा कानांवर गेलेली मसलत फुटते, असं जुने लोक म्हणत. अर्धविराम यांची पाच जणींपर्यंत पोचली होती, म्हणजे दहा कान. वावडी व्हायला किती कान लागतात?

जुनीपाटी

ते दोरी कुणाच्या हातात आहे त्यावर.

मुंगीपावलं

मला वाटतं दोरी कुणाच्याच हातात नव्हती, म्हणूनच तर ती दीड वर्ष उडत राहिली. पण तुमचा प्रतिसाद जपून ठेवलाय, जुनीपाटी.

अर्धविराम, न झोपता उत्तर दिल्याबद्दल आभार. खरंच.

टिपकागद, तुमच्या आईंच्या पाऊण तासाबद्दल मला काही म्हणायचं नाही. तो चालू ठेवा. माझीही आई तशीच होती. फक्त एक: त्या पाऊण तासात माझ्यासारखं कुणी येत असेल, 'तिने म्हणे अचानक नोकरी सोडली' असं, तर "का बरं?" एवढं न विचारता पुढच्या माणसावर जाता आलं तर बघा. तो प्रश्न कुणी विचारला नाही तर उत्तर तयार करायची वेळ येत नाही.

टिपकागद

बघतो. अवघड आहे, कारण आमच्याकडे तो प्रश्न मीच विचारतो.

काल तो सहकारी जिन्यात भेटला. मी सांगून टाकलं की तुझ्याबद्दल एका ठिकाणी लिहिलं होतं, आता काढलंय. तो क्षणभर थांबला आणि म्हणाला, "कुणी वाचलं?" मी म्हटलं, माहीत नाही. "बरं," म्हणाला आणि वर गेला. आज सकाळी नेहमीसारखा बोलला. नेहमीसारखा म्हणजे जरा जास्तच नेहमीसारखा.

सरळरेघ

हे सांगितलंत ते चांगलं केलंत. पण हाही त्याच्याबद्दलचा दुसरा परिच्छेद झाला, हे लक्षात आलं का?

टिपकागद

आत्ता आलं.

उशिरालतीफ

मस्त धागा, एका बैठकीत वाचून काढला. सरळरेघ यांच्याशी शंभर टक्के सहमत, दुसऱ्यांच्या आयुष्यात डोकावण्याची ही खोड गेलीच पाहिजे. वेळ जातो, मन खराब होतं, हाती काही लागत नाही.

बाकी तो काढून टाकलेला परिच्छेद नेमका काय होता? कुणी वाचला असेल तर थोडक्यात सांगा ना, नाहीतर चर्चेचा संदर्भ लागत नाहीये.

टिपकागद

क्षमस्व, तो आता नाही.

कुंपण

उशिरालतीफ, व्यनि (व्यक्तिगत निरोप) बघा.